वैद्यराज जीवक : टाके घातल्यानंतरचे एकवीस दिवस

विहाराच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत धम्मातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही आपली रीत आहे. यंदा आम्ही तथागतांचा वैद्य जीवक याचे चरित्र घेतले आहे. जीवकाचे नाव ऐकलेले नाही असा उपासक आपल्यात नसेल. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात जीवकाच्या धम्मदीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि वर्षावासात ते आपल्या विहारांतून वाचले जाते. पण जीवकाच्या चरित्राची एक बाजू अशी आहे की जी आपल्या मुठा खोऱ्यातल्या माणसाला आज अगदी घरची वाटावी. त्या बाजूकडे लक्ष वेधण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपला मुलूख डोंगराचा. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. कुणी कौलं चाळताना घसरतो, कुणी झाडावरून पडतो, कुणाची मोटारसायकल घाटाच्या वळणावर घसरते. डोक्याला किंवा मणक्याला मार बसला की माणसाला पुण्याला न्यावे लागते. ऑपरेशन होते, घरचे लोक चार-चार रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काढतात, शेवटी डिस्चार्ज मिळतो. माणूस उंबरठ्याच्या आत आला की सगळ्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! पण काही घरांत आठ-पंधरा दिवस जातात न जातात तोच ताप भरतो, जखम वाहू लागते, फिट येते, आणि पुन्हा गाडी करून त्याच दवाखान्याची वाट धरावी लागते. पहिल्या वेळचे कर्ज तसेच उभे असते. घर खचते ते खरे या दुसऱ्या खेपेला. ही दुसरी खेप कशाने येते, कशाने टळते आणि ती टाळू नये असे प्रसंग कोणते, हे जीवकाच्या आयुष्यात शोधले तर बरेच काही सापडते.

उकिरड्यावरचे मूल

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा येते. मगधाची राजधानी राजगृह. तिथे सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. तिच्या सांगण्यावरून दासीने ते तान्हे मूल सुपात घातले आणि उकिरड्यावर नेऊन टाकले. बिंबिसार राजाचा मुलगा अभय राजकुमार त्या वाटेने चालला होता. कावळ्यांचा घोळका दिसला म्हणून त्याने चौकशी केली. तिथे मूल आहे असे सांगण्यात आले. ते जिवंत आहे काय, असे त्याने विचारले आणि जिवंत आहे असे उत्तर मिळाले. म्हणून त्याचे नाव जीवक पडले. राजकुमाराने सांभाळले म्हणून त्याला कोमारभच्च असेही म्हणू लागले. या दुसऱ्या नावाचा संबंध काही विद्वान बालरोगांच्या शास्त्राशी, म्हणजे कौमारभृत्याशी, जोडतात.

बापाचा पत्ता नाही, आईने टाकलेले, असे हे मूल. पुढे मगधाचा राजा आणि तथागतांचा संघ या दोघांनीही आपले शरीर त्याच्या हाती सोपवले. माणसाची योग्यता जन्मावर ठरत नाही हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

तक्षशिलेची सात वर्षे

जीवक मोठा झाला. राजवाड्यात हुन्नराशिवाय पोट भरणे सोपे नाही हे त्याने ओळखले. कुणाला न सांगता तो तक्षशिलेला गेला आणि एका नामांकित आचार्याजवळ सात वर्षे वैद्यक शिकला. या विद्येला अंत कधी, असा प्रश्न त्याला पडला. तेव्हा आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवती एक योजन हिंडून औषधी नसलेली वनस्पती घेऊन यायला सांगितले. जीवक सगळीकडे फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधाच्या कामी येणार नाही अशी एकही वनस्पती मिळाली नव्हती. त्याचे शिक्षण पुरे झाले असे आचार्यांनी सांगितले आणि वाटखर्चाला थोडे पैसे देऊन त्याला निरोप दिला.

ते पैसे साकेत नगरीपर्यंतच पुरले. तिथे एका श्रेष्ठीची बायको सात वर्षे डोकेदुखीने बेजार होती. मोठमोठे वैद्य येऊन सोने घेऊन गेले होते, गुण मात्र नव्हता. जीवकाने औषधी तूप तिच्या नाकावाटे दिले आणि ती बरी झाली. मिळालेले सोळा हजार आणि दासदासी, रथ हे सगळे त्याने राजगृहात येऊन अभय राजकुमारापुढे ठेवले. आपल्याला वाढवले त्याची ही परतफेड, अशी त्याची भावना. राजकुमाराने त्यातले काही घेतले नाही, उलट आपल्या वाड्यातच त्याला घर बांधायला सांगितले. पुढे बिंबिसार राजाचे भगंदर त्याने एका लेपात बरे केले आणि राजा, राणीवसा व बुद्धप्रमुख भिक्खुसंघ यांची सेवा त्याच्याकडे आली.

श्रेष्ठीचे डोके

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. राजगृहातला एक श्रेष्ठी सात वर्षे डोक्याच्या दुखण्याने ग्रासला होता. वैद्यांनी हात टेकले. काहींनी तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले, काहींनी सातव्या. नगरातल्या लोकांनी राजाला विनंती केली आणि राजाने जीवकाला पाठवले.

जीवकाने हत्याराला हात लावण्याआधी काय केले ते बघा. त्याने श्रेष्ठीला विचारले की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि मग उताणा सात महिने निजून राहणे त्याला जमेल काय? श्रेष्ठीने तिन्हीला होकार दिला. मग जीवकाने त्याला खाटेवर निजवून बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला आणि आतून दोन जीव काढले, एक मोठा आणि एक लहान. ते त्याने जमलेल्या लोकांना दाखवले. पाच दिवसांचे निदान करणाऱ्यांनी मोठा जीव ओळखला होता आणि सात दिवसांचे सांगणाऱ्यांनी लहान, असेही त्याने सांगितले. नंतर सांधा मिटवला, कातडी शिवली, लेप लावला.

कवटीतून नेमके काय निघाले असेल याविषयी आजचे डॉक्टर वेगवेगळे तर्क करतात. त्या वादात आम्ही पडत नाही. कवटी उघडण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे हे मात्र खरे. काश्मीरात बुर्झहोम येथे नवाश्मयुगातली, छिद्रे पाडलेली कवटी उत्खननात मिळाली आहे.

शस्त्रक्रियेची गोष्ट सांगून बहुतेक लोक इथेच थांबतात. महावग्ग थांबत नाही. सात दिवस झाले आणि श्रेष्ठी म्हणू लागला की एका कुशीवर सात महिने काही निघत नाहीत. जीवकाने त्याला दुसऱ्या कुशीवर निजवले. तिथेही सातच दिवस निघाले. मग उताणा, तेही सात दिवस. एकवीस दिवस भरल्यावर जीवकाने त्याला सांगितले की तो बरा झाला आहे. इतकेच दिवस लागणार हे त्याला आधीपासून ठाऊक होते. पण सुरुवातीला सात महिन्यांचा आकडा घातला नसता तर श्रेष्ठी सात दिवसही पडून राहिला नसता. श्रेष्ठीने आधी सारी संपत्ती देऊ केली होती आणि स्वतः दास व्हायचेही कबूल केले होते. जीवकाने राजासाठी एक लाख आणि स्वतःसाठी एक लाख एवढेच घेतले.

रोग्याशी असा आकड्याचा खेळ आजच्या डॉक्टरने करू नये, सगळे खरे खरे सांगावे, हे आम्हाला मान्य आहे. पण जीवकाच्या ध्यानात आलेली गोष्ट आजही खरी आहे. टाके घालणे हे वैद्याच्या हातात असते, टाके भरून येणे हे रोगी आणि त्याचे घर यांच्या हातात असते. म्हणून कापण्याआधीच त्याने नंतरच्या दिवसांचा करार करून घेतला.

वाराणसीतही असेच झाले. कोलांट्या मारताना एका श्रेष्ठीपुत्राच्या आतड्यांना पीळ पडला होता. त्याला खांबाला बांधून जीवकाने पोट उघडले, तेव्हा त्याच्या बायकोला समोर उभे केले होते. पीळ बाहेर काढून त्याने तिला दाखवला, आणि पेज का पचत नव्हती, अंग का वाळत चालले होते, ते समजावून सांगितले. घरच्या माणसाला आजार कळला तरच घरची शुश्रूषा नीट होते, हे त्यामागचे शहाणपण.

वेशीपासून वळलेले मन

जीवकाची सगळ्यात मोठी परीक्षा तथागतांच्याच शुश्रूषेत झाली. एकदा भगवंतांना शरीरशुद्धीसाठी रेचक हवे होते. जीवकाने नेहमीचे जालीम औषध टाळले. तीन मूठ कमळांना औषधाची भावना देऊन त्यांचा नुसता वास घ्यायला दिला. प्रत्येक मुठीने दहा, असे तीस रेच व्हायचे होते. औषध देऊन जीवक निघाला. वेशीबाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आले की एकोणतीस रेच होतील आणि तिसावा भगवंतांनी स्नान केल्यावर होईल. ते सांगायचे राहून गेले होते. भगवंतांनी ते जाणले आणि आनंदाला ऊन पाणी काढायला सांगितले, असे ग्रंथात आहे. जीवक परत आला, राहिलेली सूचना त्याने दिली, आणि अंगात ताकद येईपर्यंत आहार कसा असावा तेही सांगितले.

दुसरा प्रसंग धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. देवदत्ताने गृध्रकूटावरून शिळा लोटली, तिची कपची लागून भगवंतांच्या पायाला जखम झाली. त्यांना जीवकाच्या आम्रवनात आणले गेले. जीवकाने जालीम औषध लावून पट्टी बांधली, आपण येईपर्यंत ती राहू द्यावी असे सांगितले आणि तो नगरात दुसऱ्या रोग्याकडे गेला. परत निघाला तर नगराचे दरवाजे बंद झालेले! पट्टी वेळेवर सुटली नाही तर रात्रभर आग होईल, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. इकडे भगवंतांनी त्याच वेळी आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली. सकाळी दरवाजे उघडताच जीवक धावत आला आणि रात्र कशी गेली ते त्याने विचारले.

या दोन्ही कथांत वैद्याच्या मनातले तथागतांनी जाणले. आपल्या घरातल्या रोग्याला ते कसे जमावे? म्हणून डॉक्टरच्या मनातले कागदावर उतरायला हवे आणि तो कागद घरात वाचला जायला हवा. डिस्चार्जचा कागद म्हणजे दुसरे काय आहे! आपल्याकडे तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि घरी आला की पिशवीत घालून खुंटीला टांगला जातो.

जीवकाचा वारसा

राजवैद्यांची आणि धम्माची ही सोबत पुढे महाराष्ट्रातही दिसते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड तालुक्यातल्या पितळखोरे लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याने आणि त्याच्या मुलाबाळांनी दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. जीवकाने आपले आम्रवन संघाला दिले. राजगीरला त्या जागेच्या उत्खननात लंबवर्तुळाकार इमारतींचे पाये मिळाले आहेत.

आधुनिक काळात आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला उभा केला. त्यानंतर मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या कामाचा पाया घातला. आज पुण्यात अशी ऑपरेशने रोज होतात. आणि आता जगभरचे डॉक्टर जीवकाचाच हिशेब मांडू लागले आहेत. ऑपरेशन यशस्वी झाले एवढ्यावर ते थांबत नाहीत. घरी गेल्यावर तीस दिवसांच्या आत न ठरवता किती रोगी परत आले, हे मोजतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून काही ठराविक आजारांत असे परतीचे रोगी अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर सरकार दवाखान्याचे पैसे कापते. मेंदू-मणक्याची ऑपरेशने त्या यादीत नसली तरी त्या क्षेत्रातले डॉक्टरही हा आकडा आता बारकाईने बघतात.

रोगी परत का येतो? जखमेत पू होतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी टाक्यांतून झिरपते. आत रक्त साचते. फिट येते. डोक्यातले पाणी काढायला बसवलेली नळी, म्हणजे शंट, तुंबते. रक्तातले सोडियम उतरते. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसाकडे जाते. लघवी तुंबते, दुखणे आवरत नाही. यातले काही कितीही काळजी घेतली तरी टळत नाही. पण काही नक्की टळते.

इथे एक खुलासा करणे जरूर आहे. जीवकाचे एकवीस दिवस ऐकून कुणी रोग्याला एकवीस दिवस निजवून ठेवू नये. आजचे शास्त्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोग्याला लवकर उठवून चालते करायला सांगते, कारण पडून राहिल्याने गुठळ्या होतात आणि छाती भरते. जीवकालाही चालण्याचे मोल ठाऊक होते. भिक्खूंची शरीरे जड होऊन ते आजारी पडू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी चंक्रमणाची, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची, जागा असावी अशी विनंती त्यानेच भगवंतांना केली होती. पण मणक्याला मार बसून पाय गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला दर दोन तासांनी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. श्रेष्ठीला जीवकाने कुशी बदलून निजवले ते इथे आठवावे.

घरचा माणूस हाच अर्धा वैद्य

महावग्गातच दुसरी एक गोष्ट आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याची विचारपूस करत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः पाणी ओतून आनंदाकडून त्याला धुवून घेतले, आनंदासह त्याला उचलून बिछान्यावर निजवले. मग आजाऱ्याचे आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले. आजाऱ्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, दुखणे वाढते आहे की उतरते आहे ते खरे खरे सांगावे, वेदना सोसण्याची तयारी ठेवावी. शुश्रूषा करणाऱ्याला औषध देता यावे, हिताचे-अहिताचे कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र आणि ओकारीची किळस करू नये, आणि धम्माच्या गोष्टी सांगून धीर द्यावा.

आमची खोऱ्यातल्या मंडळींना विनंती आहे की कुणाचे डोक्याचे किंवा मणक्याचे ऑपरेशन झाले तर डिस्चार्जच्या वेळी घरातल्या निदान दोघांनी डॉक्टर किंवा सिस्टरसमोर बसावे. कुठली गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, पुन्हा कधी दाखवायचे, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे मराठीत लिहून घ्यावे. फिटची गोळी बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये. जखमेला हळद, राख, पाला काही लावू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अशा अनेक शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, नंतरच्या तपासण्यांचे काय होईल ते त्याला आधीच विचारावे.

आणि काही खुणा दिसल्या तर थांबूच नये. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, नाका-कानातून पाणी, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, माणूस सुस्त होणे किंवा बरळणे, फिट, हातापायाची नव्याने गेलेली ताकद, लघवी-शौचाचा ताबा सुटणे, पोटरीला सूज, अचानक दम लागणे. यातले काहीही दिसले की १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. आपल्याकडे होते काय, की पुन्हा दवाखाना म्हणजे पुन्हा खर्च, डॉक्टर रागावतील, लोक काय म्हणतील, अशा विचारात दोन दिवस जातात. ते दोन दिवस फार महाग पडतात. हयगयीने आलेली दुसरी खेप वाईट, पण खूण ओळखून वेळेवर केलेली दुसरी खेप प्राण वाचवते. त्यात कमीपणा कसला? सांगायचे राहिले म्हणून खुद्द जीवकालाही परत यावे लागले होते.

जीवकाच्या नावाने आज कुणी औषधे काढतात, कुणी दवाखाने. ते चांगलेच आहे. आमच्या मते मात्र त्याची खरी आठवण रोग्याच्या उशाशी ठेवायची असते. वाडीवस्तीत कुणी ऑपरेशन करून घरी आला असेल तर पहिले तीन आठवडे विहारातल्या एकाने तरी रोज त्याच्या घरी डोकवावे, कागद वाचून दाखवावा, ताप बघावा, रात्र कशी गेली ते विचारावे. नगराचे दरवाजे उघडताच जीवकाने धावत येऊन हेच विचारले होते.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम.